टॅब घेण्याआधी पेन ड्राइव्ह खिशात टाका

टॅब घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "सध्या जास्त काय चालतं?" दुकानदाराकडे उत्तर तयार असतं, आणि पुष्कळदा ते त्याच्याकडे पडून असलेल्या मालाचंच नाव असतं. प्रश्न अगदी वाया जाणारा नाही, त्याकडे आपण येऊच. पण टॅब घरी आल्यावर महिन्याभरात जी कुरकुर सुरू होते ती वेगळीच असते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ काल उघडली होती, आज सापडत नाही. पेन ड्राइव्ह लावलाय, पण दिसत नाही. ऑफिसातून आणलेली वर्डची फाइल उघडली तर मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं. सगळा घोळ फायलींचा. पडदा, बॅटरी, कॅमेरा यांच्या तक्रारी त्यामानाने कमी.

म्हणून पहिल्यांदाच टॅब घेणाऱ्याने निवड कशी करावी, ते इथे फायलींच्या बाजूने सांगतो. रिंगणात तिघं आहेत: अ‍ॅपलचा आयपॅड; सॅमसंग, लेनोवो, शाओमी वगैरेंचे अँड्रॉइड टॅब; आणि विंडोजचे टॅब. क्रोम ओएसवर चालणारेही काही आहेत, पण आपल्याकडच्या दुकानांत ते क्वचितच दिसतात, त्यांना बाजूला ठेवू.

पायरी १ : आपल्या फायली कागदावर मांडा

दुकानात जायच्या आधी एका कागदावर तीन रकाने पाडा. फाइल कुठून येते, तिचं काय करायचं, आणि नंतर ती कुठे जाते. पाच-सहा ओळी पुरतात, पण त्या खऱ्या लिहा.

शाळेतल्या बाईंच्या कागदावर असं काही येईल: ई-बालभारतीवरून पाठ्यपुस्तकाची पीडीएफ उतरवायची, तिच्यावर पेनने खुणा करायच्या, वर्गात प्रोजेक्टरवर दाखवायची आणि पालकांच्या गटावर टाकायची. नीटची तयारी करणाऱ्या मुलाच्या कागदावर: टेलिग्रामवर आलेली नोट्सची झिप (अनेक फायलींचं एकच गाठोडं), ती सोडवायची, विषयवार फोल्डर करायचे. वकिलांच्या कागदावर निकालांच्या पीडीएफ आणि स्कॅन केलेले कागद, गावाकडे शेती असेल तर डिजिटल सहीचा सातबारा. लग्नसमारंभाचे फोटो काढणाऱ्याच्या कागदावर कॅमेऱ्याचं कार्ड आणि बाहेरची हार्ड डिस्क.

तिसऱ्या रकान्यात सगळीकडे "कुठेच नाही, फक्त बघायचं" असं आलं, तर तुमचं काम सोपं आहे. सिनेमे, कीर्तनं, वर्तमानपत्रं आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढंच असेल तर खिशाला झेपेल तो चांगल्या कंपनीचा टॅब घ्या. पुढचं सगळं वाचायची गरज नाही. तिसरा रकाना भरलेला असेल तर मात्र पुढे चला.

पायरी २ : "जास्त काय चालतं" याचे आकडे वाचायला शिका

लोकप्रियता दोन तऱ्हांनी मोजतात आणि दोन्हींची उत्तरं वेगळी येतात, म्हणून आधी कोणता आकडा समोर आहे ते बघायचं.

पहिली तऱ्हा म्हणजे कारखान्यातून बाजारात किती टॅब गेले. आयडीसीसारख्या संस्था दर तिमाहीला हे अंदाज देतात. यात जगभरात अ‍ॅपल वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर आहे, सॅमसंग दुसऱ्या. पण अ‍ॅपल ही एकटी कंपनी आहे आणि अँड्रॉइड ही डझनावारी कंपन्यांची बेरीज आहे. सॅमसंग, लेनोवो, हुआवे, शाओमी, अ‍ॅमेझॉन एकत्र धरले की पारडं दुसरीकडे झुकतं. "आयपॅड सर्वांत लोकप्रिय" आणि "अँड्रॉइड टॅब सर्वांत जास्त" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि विक्रेता आपल्या सोयीचं तेवढं म्हणतो. शिवाय अ‍ॅपलने किती नग विकले हे सांगणं २०१८ च्या अखेरीपासून बंद केलं आहे. तेव्हापासूनचे अ‍ॅपलचे आकडे बाहेरच्यांनी बांधलेले अंदाजच आहेत.

दुसरी तऱ्हा म्हणजे लोक प्रत्यक्षात इंटरनेटवर कोणता टॅब वापरतात. स्टॅटकाउंटर हे वेबपानांच्या भेटींवरून मोजतं. त्यातही एक गोम आहे. २०१९ मध्ये आलेल्या आयपॅडओएस १३ पासून (आयपॅडओएस म्हणजे आयपॅड ज्यावर चालतो ती मूळ प्रणाली) आयपॅडचा सफारी ब्राउझर वेबसाइटला आपली ओळख मॅक संगणक अशी करून देतो, म्हणजे साइट संगणकासारखी मोठी दिसावी. साहजिकच असे काही आयपॅड टॅबच्या नव्हे तर संगणकाच्या खात्यात मोजले जाण्याचा धोका राहतो.

भारताचं चित्र आणखी निराळं. इथे स्वस्त अँड्रॉइडचा जोर आहे, आणि सरकारी योजनांची मोठी ऑर्डर आली की एखाद्या कंपनीचा हिस्सा एका तिमाहीत उसळतो आणि पुढच्या तिमाहीत खाली येतो. हरियाणाने २०२२ मध्ये दहावी ते बारावीच्या मुलांना लाखांच्या संख्येने टॅब वाटले. आपल्याकडे महाज्योती ही राज्य सरकारची संस्था जेईई, नीट, एमएचटी-सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना टॅब देते. असे टॅब लोकांनी दुकानात जाऊन, पैसे मोजून निवडलेले नसतात. त्यावरून "लोकांना काय आवडतं" हे काढायला गेलात तर फसाल.

मग लोकप्रियतेचा उपयोग काय? माझ्या मते तीनच गोष्टींपुरता. तुम्हाला हवं ते अ‍ॅप त्या टॅबवर आहे का. काच फुटली तर तुमच्या गावात कोणी बदलून देतं का. आणि अडलं तर विचारायला ओळखीत कोणाकडे तोच टॅब आहे का. चित्रकारांचं प्रोक्रिएट फक्त अ‍ॅपलच्याच उपकरणांवर मिळतं. ते हवं असेल तर चर्चा तिथेच संपली. उलट तुमचं सगळं कुटुंब अँड्रॉइड फोनवर असेल, तर एकट्या आयपॅडवाल्याला फायली देता-घेताना वळसा पडतो.

पायरी ३ : फाइल ठेवण्याची तिघांची रीत समजून घ्या

ही पायरी नीट समजली तर निम्म्या अडचणी येतच नाहीत.

संगणकावर आपण फायली फोल्डरात ठेवतो आणि कोणतंही सॉफ्टवेअर त्या उघडतं. २०१० साली स्टीव्ह जॉब्झने आयपॅड आणला तेव्हा ही रीत मुद्दाम मोडली. आयपॅडवर फोल्डर नव्हतेच. प्रत्येक अ‍ॅपच्या फायली त्या अ‍ॅपच्या आत, दुसऱ्या अ‍ॅपला त्या दिसणारही नाहीत. फाइल बाहेर काढायची तर संगणकाला जोडून आयट्यून्समधून. यात सुरक्षितता होती, व्हायरसचा ताप नव्हता, आणि ज्यांनी कधी संगणक वापरला नव्हता अशा लोकांना तो चटकन जमला. पण काम करणाऱ्यांची पंचाईत झाली.

अँड्रॉइडने मधला मार्ग धरला. जुना वाडा आठवा: प्रत्येक बिऱ्हाडाची खोली वेगळी, पण मधला चौक सगळ्यांचा. अँड्रॉइडमध्ये डाउनलोड, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर म्हणजे तो चौक. आयपॅड म्हणजे फ्लॅटची सोसायटी, प्रत्येकाचं दार बंद.

गंमत अशी, की त्यानंतरच्या पंधरा वर्षांत दोघंही एकमेकांच्या दिशेने सरकले. आयपॅडला फाइल्स नावाचं अ‍ॅप २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर मिळालं. २०१९ च्या आयपॅडओएस १३ ने पेन ड्राइव्ह आणि कार्ड वाचायची, झिप सोडवायची आणि ऑफिसच्या नेटवर्कवरचे फोल्डर उघडायची सोय केली. आयपॅडओएस १८ मध्ये बाहेरचा ड्राइव्ह फॉरमॅटही करता येऊ लागला. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये फाइल्सची यादी संगणकासारखी रकान्यांत दिसते, कोणती फाइल कोणत्या अ‍ॅपने उघडायची ते ठरवता येतं, फोल्डर खालच्या डॉकमध्ये ठेवता येतो. म्हणजे ज्या फोल्डरांना जॉब्झने दाराबाहेर ठेवलं होतं, ते हळूहळू पाहुणे म्हणून आत आले आणि आता ठाण मांडून बसलेत.

अँड्रॉइड नेमकं उलटीकडे चाललं. पूर्वी कोणतंही अ‍ॅप साठवणीची परवानगी मागायचं आणि चौकातलं सगळं वाचायचं. तुमचे फोटो, तुमच्या बँकेची स्टेटमेंट्स, सगळंच. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून गूगलने हे आवळायला सुरुवात केली, आणि अँड्रॉइड ११ मध्ये ते सक्तीचं केलं. आता अ‍ॅपला स्वतःचीच खोली मोकळी, चौकातल्या फाइलसाठी तुमची संमती लागते. अँड्रॉइड नावाच्या फोल्डरातला डेटा हा उपफोल्डर तर बाकीच्या अ‍ॅपना बंदच झाला. जुन्या व्हिडिओत कोणी "डेटा फोल्डरात जाऊन फाइल काढा" असं सांगत असेल, तर तो सल्ला शिळा आहे.

आपल्या देशाचा एक किस्सा इथे आठवतो. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते आकाश टॅबचं अनावरण झालं. डेटाविंड कंपनीचा, विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त अँड्रॉइड टॅब. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आणि बोटाने दाबावा लागणारा पडदा. व्हायची तेवढी थट्टा झाली, आणि ती बरीचशी रास्त होती. पुढे प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला. पण त्या गरिबाच्या टॅबला नेहमीच्या पेन ड्राइव्हचं भोक होतं आणि मेमरी कार्डही बसत होतं. त्याच वर्षीच्या कितीतरी पट महाग आयपॅड २ ला यातलं काहीच नव्हतं.

विंडोज टॅबबद्दल थोडक्यात. तिथे फाइल एक्सप्लोरर आहे, सी ड्राइव्ह आहे, जे लॅपटॉपवर चालतं ते सगळं. फायलींच्या परीक्षेत याला पैकीच्या पैकी. अडचण टॅब म्हणून वापरताना येते: बोटाने चालवायला सुटसुटीत अ‍ॅप कमी, वजन जास्त, किंमत चांगल्या लॅपटॉपइतकी. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये सरफेस आरटी आणला होता. त्यावर नेहमीची विंडोज सॉफ्टवेअर चालत नव्हती, लोकांनी पाठ फिरवली आणि पुढच्या वर्षी कंपनीला पडून राहिलेल्या मालापोटी ९० कोटी डॉलर बुडीत दाखवावे लागले. विंडोजकडे लोक विंडोजच्या सॉफ्टवेअरसाठीच येतात, हा धडा महागात मिळाला. हिशेबाचं टॅली, मराठी टायपिंगची श्रीलिपी, डिजिटल सहीचं यूएसबी टोकन हे तुमच्या कागदावर असेल तर आयपॅड आणि अँड्रॉइड सोडून द्या. आणि नवा विंडोज टॅब स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा असेल तर डोंगल, टोकन, जुना प्रिंटर त्यावर चालतो का ते आधी तपासा, कारण त्यांच्यासाठी वेगळे ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, लागतात.

पायरी ४ : चाचणीचा पेन ड्राइव्ह तयार करा

टाइप-सी तोंडाचा पेन ड्राइव्ह घ्या, किंवा नेहमीचा ड्राइव्ह आणि ओटीजी जोडणी (नेहमीचा ड्राइव्ह टॅबला लावू देणारी छोटी तार). आता त्याच्या फॉरमॅटकडे, म्हणजे त्यावर फायली मांडायच्या पद्धतीकडे बघा. संगणकावर ड्राइव्हवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज उघडल्या की कळतं.

फॅट३२ सगळीकडे चालतो, पण त्यात ४ जीबीहून मोठी एकच फाइल बसत नाही. लग्नाचा पूर्ण व्हिडिओ कॉपी होता होता अडतो तो यामुळे. एनटीएफएस हा विंडोजचा स्वतःचा. आयपॅड तो फक्त वाचतो, त्यावर लिहीत नाही, आणि अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक फरक पडतो. तिन्हीकडे चालावा असा म्हणजे एक्सफॅट. जुन्या स्वस्त अँड्रॉइड टॅबवर तो चालत नसे, कारण त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा परवाना लागायचा. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा तपशील खुला केला आणि तो अँड्रॉइडचा पाया असलेल्या लिनक्समध्ये, पर्यायाने अँड्रॉइडमध्ये सहज येऊ लागला. तेव्हा ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट केला की आतलं सगळं पुसलं जातं, हे सांगायला नको.

त्यावर या गोष्टी भरा. बालभारतीचं एखादं जाड पुस्तक, पीडीएफमध्ये. पाच-सहा फायलींची एक झिप, त्यातल्या एकीचं नाव मराठीत ठेवा. एक एमपी४ आणि एक एमकेव्ही व्हिडिओ. एक एक्सेलची फाइल, जिच्यात तुमची खरी सूत्रं आहेत. आणि एक मराठी वर्डची फाइल.

या शेवटच्या फाइलपाशी थोडं थांबू. आपल्याकडच्या शाळा, पतसंस्था, छापखाने यांच्या जुन्या फायली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतात. त्यांत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. इंग्रजी चिन्हांना मराठी आकार नेसवलेला असतो, तो फॉन्ट नसेल तर खालची चिन्हं उघडी पडतात. टॅब कितीही महाग असो, इथे आयपॅड आणि अँड्रॉइड दोघंही हात टेकतात. आयपॅडवर बाहेरचे फॉन्ट अ‍ॅपमार्फत बसवता येतात, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. दोन उपाय आहेत: ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथूनच पीडीएफ करून आणा, म्हणजे अक्षरांचे आकार फाइलबरोबरच येतात; किंवा फाइलमध्ये बदल करायचे असतील तर मजकूर एकदाचा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी खरी मराठी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, करून घ्या. दुकानातल्या चाचणीत तुमच्या नेहमीच्या कामातली फाइलच उघडा. चांगली युनिकोड फाइल नेलीत तर दोन्ही टॅब पास होतील आणि खरा प्रश्न घरी येऊन उभा राहील.

पायरी ५ : दुकानात

डेमोचा टॅब मागा. पेन ड्राइव्ह लावू द्या म्हणा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा, बाजारात त्यांची कमी नाही.

आधी भोक बघा. २०२२ च्या दहाव्या पिढीपासून साध्या आयपॅडलाही टाइप-सी आहे. त्याआधीचा नववा आयपॅड लाइटनिंगचा, म्हणजे अ‍ॅपलच्या जुन्या वेगळ्या भोकाचा, त्याला वेगळी जोडणी लागते. ऑनलाइन सेलमध्ये जुना माल स्वस्तात दिसतो तेव्हा हे पाहून घ्या. टाइप-सी असलं तरी वेग सारखा नसतो. दहाव्या पिढीचा आयपॅड यूएसबी २ च्याच वेगाने फाइल हलवतो, बजेटमधल्या बऱ्याच अँड्रॉइड टॅबचंही तेच. पीडीएफसाठी फरक पडत नाही. ६० जीबी फोटो ओतायचे असतील तर चहा पिऊन या.

मग ड्राइव्ह लावून क्रमाने करा:

१. आयपॅडवर फाइल्स अ‍ॅपच्या डाव्या पट्टीत ड्राइव्हचं नाव दिसतं. सॅमसंगवर माय फाइल्स, इतर अँड्रॉइडवर बहुधा गूगल फाइल्स. दिसला नाही तर टॅबच्या सेटिंगमध्ये ओटीजी चालू आहे का ते बघा. काही कंपन्या तो बंद ठेवतात.

२. झिप टॅबच्या आतल्या फोल्डरात कॉपी करा आणि तिथे सोडवा. मराठी नाव शाबूत राहिलं का बघा.

३. पीडीएफ उघडा, पेनने किंवा बोटाने एक खूण करा, बंद करा. आता पुन्हा पेन ड्राइव्हवरची मूळ फाइल उघडा. खूण मूळ फाइलवर उमटली, की टॅबने गुपचूप वेगळी प्रत केली? उत्तर अ‍ॅपवर अवलंबून असतं, म्हणून तुम्ही जे अ‍ॅप वापरणार त्यातच हे करा. पहिल्या कुरकुरीतल्या "काल केलेलं गेलं कुठे" याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

४. एक्सेलची फाइल बदलून सेव्ह करा. वर्ड-एक्सेलच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टने अनेक वर्षं असा नियम ठेवला आहे, की १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर साधं संपादन फुकट, त्याहून मोठ्या पडद्यावर वर्गणी. आजचे बहुतेक टॅब ११ इंचांच्या आसपास आहेत, म्हणजे वर्गणीच्या बाजूला. गूगल डॉक्स-शीट्स दोन्हीकडे फुकट, आयपॅडवर अ‍ॅपलचं पेजेस आणि नंबर्सही. पण किचकट सूत्रं असतील तर ती तिथे टिकतात का ते याच चाचणीत कळेल.

५. एमकेव्ही चालला नाही तर घाबरू नका, व्हीएलसी हे व्हिडिओ चालवणारं अ‍ॅप दोन्हीकडे फुकट आहे.

६. ड्राइव्ह काढताना कॉपी पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत थांबा.

फिरती हार्ड डिस्क वापरणाऱ्यांनी तीही न्यावी. काही डिस्कना टॅबकडून मिळते त्याहून जास्त वीज लागते, मग त्या नुसत्या टिकटिकतात. चार्जर जोडता येणारा हब (एका भोकाची अनेक भोकं करणारी डबी) घेतला की काम होतं.

पायरी ६ : व्हॉट्सअ‍ॅपच्या फायली

आपल्याकडे कागदपत्रांचं पोस्ट ऑफिस व्हॉट्सअ‍ॅप आहे, त्यामुळे याला स्वतंत्र पायरी हवीच. आयपॅडसाठी व्हॉट्सअ‍ॅपचं स्वतःचं अ‍ॅप मे २०२५ मध्ये आलं. तोवर लोक ब्राउझरमधून भागवत होते.

अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपची कागदपत्रं उतरली की ती एका फोल्डरात जातात, आणि तो फोल्डर तुम्हाला उघडता येतो: आतल्या साठवणीत अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाचा फोल्डर, आणि आत पुन्हा मीडियामध्ये डॉक्युमेंट्स. वाट लांब आहे, पण आहे. एवढं खोल जायचं नसेल तर फाइल मॅनेजरच्या पहिल्या पानावर डॉक्युमेंट्स दाबा, तारखेनुसार लावा.

आयपॅडवर तसा फोल्डर फिरायला मिळत नाही. फाइल चॅटमध्ये उघडायची, शेअरचं चिन्ह दाबायचं आणि "सेव्ह टू फाइल्स" म्हणून जागा सांगायची. हे केलं नाही तर ती फाइल फक्त त्या चॅटपुरती आहे. चॅट पुसला, फाइल गेली. महत्त्वाचं काही आलं की लगेच हलवायची सवय लावली तर आयपॅड उलट नीटनेटका राहतो, कारण गुड मॉर्निंगचा कचरा तुमच्या कामाच्या फोल्डरात येत नाही. सवय लागणार नसेल, तर अँड्रॉइड घ्या.

पायरी ७ : घरच्या संगणकाशी जोडून बघा

विंडोज लॅपटॉप आणि अँड्रॉइड टॅब यांचं जमतं. केबल लावा, टॅबवर "फाइल ट्रान्सफर" निवडा, टॅब ड्राइव्हसारखा दिसतो. अँड्रॉइडच्या फायली हवेतून पाठवणाऱ्या क्विक शेअरचं विंडोज अ‍ॅपही आहे, म्हणजे केबलही नको.

आयपॅड विंडोजला जोडलात तर एक्सप्लोररमध्ये फक्त फोटो-व्हिडिओ दिसतात. बाकीच्या फायलींसाठी अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर बसवावं लागतं. त्यापेक्षा सोपा रस्ता म्हणजे लॅपटॉपवरचा एक फोल्डर घरच्या वायफायवर शेअर करा आणि आयपॅडच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये "कनेक्ट टू सर्व्हर" मधून तो जोडा. एकदा बसवलं की पुढे नुसती उचल-ठेव. मॅक असेल तर अ‍ॅपलच्या उपकरणांत विनाकेबल फायली पाठवणारं एअरड्रॉप आहेच, मग विचार करायचं कारण नाही.

घरात सगळी सरमिसळ असेल तर लोकलसेंड हे फुकट अ‍ॅप सगळ्या उपकरणांवर टाका. आयपॅड, अँड्रॉइड, विंडोज, मॅक एकाच वायफायवर असले की फायली थेट जातात, इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही.

पायरी ८ : जागा किती, कुठे

आयपॅडला मेमरी कार्डची खाच कधीच नव्हती आणि नाही. घेताना जेवढी जागा घ्याल तेवढीच, त्यामुळे तिथे कंजुषी करू नका. अँड्रॉइडमध्ये कार्डची खाच अनेकांत असते, सगळ्यांत नाही, खोक्यावर बघा. कार्डावर व्हिडिओ, गाणी, पीडीएफ खुशाल ठेवा, पण अ‍ॅप आणि त्यांचा पसारा आतल्याच जागेत राहतो. ६४ जीबीचा टॅब आणि मोठं कार्ड हा हिशेब कागदावर बरा दिसतो, वर्षभराने आतली जागाच संपते.

ढगातल्या, म्हणजे इंटरनेटवरच्या (क्लाउड) फुकट जागेत गूगल १५ जीबी देतं, आयक्लाउड आणि वनड्राइव्ह ५-५ जीबी.

आणि टॅब किती वर्षं अद्ययावत राहणार, हेही फायलींशी जोडलेलं आहे, कारण वर पाहिलंत तसं पेन ड्राइव्हपासून झिपपर्यंतच्या सोयी अपडेटमधूनच आल्या. २०१४ चा आयपॅड एअर २ थेट २०२१ च्या आयपॅडओएस १५ पर्यंत गेला. अँड्रॉइडमध्ये हे कंपनी आणि किंमत पाहून ठरतं. सॅमसंगने २०२४ च्या टॅब एस१० मालिकेला ७ वर्षांचं आश्वासन दिलं, पण त्याच कंपनीच्या प्रत्येक टॅबला ते लागू असेलच असं नाही, घेण्याआधी विचारा.

मग कोणता?

शिक्षक, शिकवणीचे विद्यार्थी, झिप-पीडीएफ-पेन ड्राइव्हचा राबता आणि मर्यादित बजेट असेल तर अँड्रॉइड, आणि शक्य असल्यास कार्डची खाच असलेला. चित्रकला, व्हिडिओ जोडणी, पेनने भरपूर लिखाण, आणि सात-आठ वर्षं तोच टॅब वापरायची तयारी असेल तर आयपॅड. हिशेब, डीटीपी, डिजिटल सही असेल तर विंडोज. खरं सांगायचं तर अशांनी आधी साधा लॅपटॉप बघावा. "आयपॅडवर फायलींचं काही होत नाही" हे २०१६ साली खरं होतं, आज तसं म्हणणारा जुन्या अनुभवावर बोलतोय. पण सोय असणं वेगळं आणि ती हाताला सहज सापडणं वेगळं, आणि त्यात अँड्रॉइड अजून थोडा पुढे आहे.

पहिल्या दिवशी करायचं

आयपॅड घेतलात तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, सफारी, डाउनलोड्स इथे जा आणि जागा "ऑन माय आयपॅड" करा. आयक्लाउड ड्राइव्ह चालू असेल तर उतरवलेली प्रत्येक फाइल तिकडे जाते आणि ५ जीबी बघता बघता भरतात. दुसरं, एखादं अ‍ॅप काढून टाकलंत तर "ऑन माय आयपॅड" मधला त्याचा फोल्डरही त्याच्याबरोबर जातो. प्रोक्रिएटची चित्रं तर अ‍ॅपच्या आतच असतात, ती अधूनमधून बाहेर काढून ठेवा.

अँड्रॉइड घेतलात तर डाउनलोड फोल्डरात विषयवार उपफोल्डर आजच करा, नंतर होत नाहीत. फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये कचरापेटी चालू आहे का तेही बघा. गूगल फाइल्स आणि सॅमसंगच्या माय फाइल्समध्ये चुकून पुसलेली फाइल ३० दिवस परत मिळते, आयपॅडवर "रिसेंटली डिलीटेड" मध्येही तेवढीच मुदत. पेन ड्राइव्हवरून पुसलेल्या फाइलला मात्र ही सवलत मिळेलच असं नाही. म्हणून चाचणीसाठी नेलेल्या ड्राइव्हवर कशाचीही एकुलती एक प्रत ठेवू नका.